गहू बंद, दूध बंद: हे पथ्य आलं कुठून?

एसटीत बसलं की रेंज जाते आणि एपिसोड अर्ध्यात अडकतो, अशी तुमच्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार होती. म्हणून हा भाग इथे लिहून दिलाय. बोललो तसाच आहे, फक्त अधूनमधूनचे ‘अं... म्हणजे...’ काढून टाकलेत.

आजचा विषय मी निवडलेला नाही, तो आसेगावहून आला. आपल्या वाशिम जिल्ह्यातलं, मंगरुळपीर तालुक्यातलं आसेगाव. तिथल्या एका ताईंनी रात्री साडेअकराला व्हॉइस नोट पाठवली. मागे पंख्याचा आवाज, आवाज दबका, म्हणजे घरातले सगळे झोपले असणार. त्यांची परवानगी घेऊन, नाव न सांगता, त्यांचे शब्द इथे देतोय:

“भाऊ, माह्या पोराले ऑटिझम हाय म्हन्ते डॉक्टर. मोबाइलवर एका बाईचा व्हिडिओ पाह्यला. गहू बंद करा, दूध बंद करा, तीन महिन्यात लेकरू बोलायले लागते म्हन्ते. पन माहा पोरगा त दूध-बिस्किटाशिवाय दुसरं काही तोंडातच घेत नाही. बंद केलं त खाईन काय तो? अन् नाही केलं, अन् तो बोललाच नाही, त ते माह्याच डोक्यावर येईन ना?”

हे शेवटचं वाक्य मी तीन-चार वेळा ऐकलं.

आता मी काही डॉक्टर नाही. आपला हा पॉडकास्ट इतिहासाचा आहे, आणि इथून कुणाला औषध-पथ्य सांगायचं नाही हा आपला नियम आहे. पण या प्रश्नाला एक इतिहास आहे, आणि तो कळला तर ताईंना निदान एवढं समजेल की व्हिडिओतली बाई जे सांगते ते कुणी, कधी, कशावरून म्हणायला सुरुवात केली आणि तपासल्यावर काय निघालं.

आईवर आळ

ऑटिझम, ज्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात, त्याचं पहिलं सविस्तर वर्णन १९४३ साली अमेरिकेतल्या लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने केलं. अकरा मुलांचा अभ्यास होता. लोक सहसा एवढंच लक्षात ठेवतात की ही मुलं एकटी-एकटी राहायची, तेच ते करत बसायची. पण कॅनरने आणखी एक गोष्ट टिपली होती: यातल्या अनेक मुलांचं खाणं अगदी तान्हेपणापासून अवघड होतं. त्याला वाटलं, बाहेरच्या जगातून मुलाच्या शरीरात शिरणारी पहिली गोष्ट म्हणजे अन्न, आणि ज्या मुलाला बाहेरचं काहीच आत यायला नको आहे ते मूल आधी अन्नालाच नाही म्हणणार. आज हे स्पष्टीकरण कुणी तसंच्या तसं मानत नाही. पण निरीक्षण खरं होतं. ‘दूध-बिस्किटाशिवाय काही तोंडात घेत नाही’ ही तक्रार ऑटिझमच्या पहिल्या कागदाइतकीच जुनी आहे. ही मुलं चवीपेक्षाही वास, रंग, स्पर्श, कुरकुरीत की मऊ, यावर अडून बसतात. बिस्किट दर वेळी तंतोतंत तसंच असतं. भाजी रोज वेगळी. त्यांच्या बाजूने विचार केला तर हे काही येडेपण नाही.

पुढची वीसेक वर्षं मात्र वाईट गेली. मूल असं का झालं, याचं उत्तर म्हणून बोट दाखवलं गेलं ते आईकडे. आई थंड आहे, तिने माया लावली नाही, म्हणून मूल आत मिटलं. इंग्रजीत अशा आईला चक्क ‘फ्रीजसारखी आई’ म्हणायचे. ब्रूनो बेटेलहाइमने १९६७ मध्ये या विचारावर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं. त्याच्या तीन वर्षं आधी, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने उलटं पुस्तक लिहिलं होतं: दोष आईच्या वागण्यात नाही, मुलाच्या मेंदूच्या जडणघडणीत आहे. रिमलँड स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचा बाप होता. त्यामुळे त्याच्या लिखाणात एक पेटलेपण आहे.

हे नाव लक्षात ठेवा, रिमलँड. कारण हाच माणूस पुढे व्हिटॅमिनं, पथ्यं यांच्या बाजूनेही उभा राहणार आहे. आईवरचा आळ पुसणारा आणि पथ्याचा रस्ता मोकळा करणारा, दोन्ही तोच. इतिहासात असे लोक भेटले की मला बरं वाटतं. पूर्ण नायक नाही, पूर्ण खलनायकही नाही.

अन्नाने खरंच मेंदू वाचतो, असं एकदा घडलं होतं

इथे थोडं मागे जाऊ या, कारण ‘अन्न बदललं की मेंदू सुधारतो’ ही कल्पना हवेतून आलेली नाही.

१९३४, नॉर्वे. बोर्गनी एगेलँड नावाच्या बाईला दोन मुलं होती, मुलगी लिव्ह आणि मुलगा दाग. दोघांचीही बौद्धिक वाढ थांबलेली. डॉक्टरांमागून डॉक्टर झाले. बाई एकच गोष्ट सांगत राहिली: मुलांच्या लघवीला एक विचित्र वास येतो. कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी आस्ब्यर्न फेलिंग या डॉक्टरने ऐकून घेतलं. तो रसायनशास्त्रही शिकलेला होता. त्याने लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं, तर ती हिरवी झाली. असा रंग त्याने कधी पाहिला नव्हता. महिनोन्‌महिने बाईने बाटल्या भरून आणून दिल्या आणि फेलिंगने त्यातून फिनाइलपायरुव्हिक आम्ल वेगळं काढलं. मुलांच्या शरीराला प्रथिनातला एक घटक, फिनाइलॲलॅनिन, पचवता येत नव्हता. तो साचून मेंदूचं नुकसान करत होता. या आजाराला आज पीकेयू म्हणतात. उपचार न झालेल्या पीकेयूच्या काही मुलांमध्ये ऑटिझमसारखी लक्षणंही दिसतात.

कारण कळलं, पण उपाय? त्याला आणखी सतरा-अठरा वर्षं लागली. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये शीला नावाची लहान मुलगी होती. ना बसायची, ना चालायची, दिवसभर रडायची, डोकं आपटायची. तिची आई रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहायची आणि हॉर्स्ट बिकेल या तरुण जर्मन डॉक्टरला विचारायची, काही सापडलं का? वैतागून म्हणा, लाजून म्हणा, बिकेल आणि त्याचे सहकारी कामाला लागले. दुधातल्या प्रथिनाचे तुकडे करून, ते कोळशातून गाळून, त्यातलं फिनाइलॲलॅनिन काढून टाकलेलं एक मिश्रण त्यांनी बनवलं. काही महिन्यांत शीला रांगायला लागली, उभी राहायला लागली, डोकं आपटणं थांबलं. तिचे केससुद्धा काळपट व्हायला लागले.

आता खरा मुद्दा. डॉक्टरांना खात्री नव्हती. कदाचित सगळे जण लक्ष देतायत म्हणून सुधारली असेल? कदाचित आईला तसं वाटतंय? म्हणून त्यांनी आईला न सांगता मिश्रणात फिनाइलॲलॅनिन परत टाकलं. आज कुठलीही नैतिकता समिती याला परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. पण झालं असं की थोड्याच दिवसांत आई धावत आली: पोरीने कमावलेलं सगळं गेलं, परत रडते, परत डोकं आपटते. आईला माहीत नसताना फरक पडला, म्हणजे फरक खरा होता. १९५३ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. शीला पूर्ण बरी झाली नाही, तिच्यासाठी उशीर झाला होता. पण त्यानंतर जन्मतःच रक्ताच्या एका थेंबावरून पीकेयू ओळखण्याची गुथ्री चाचणी आली, आणि अनेक देशांत हजारो मुलं वेळेत पथ्यावर गेली आणि वाचली.

दुसरी गोष्ट सिलिअ‍ॅक आजाराची. गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते, मूल खंगत जातं. हे शोधलं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. गव्हावर त्याचा संशय महायुद्धाच्या आधीपासून होता. १९४४–४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भयंकर उपासमार झाली, पाव मिळेना, आणि तेव्हा या मुलांची तब्येत काही बिघडली नाही. १९५० मध्ये त्याने यावर प्रबंध लिहिला.

म्हणजे १९५० च्या दशकात जगासमोर दोन पक्की उदाहरणं होती. दोन्हींत पथ्याने मुलं वाचली. आणि पीकेयूमध्ये तर दोन्ही वेळा आईचं ऐकल्यामुळेच शोध लागला. मग ऑटिझममध्येही असंच काही असेल, असं कुणाला वाटलं तर त्यात नवल काय?

एका संशयाचा प्रवास

१९६६ मध्ये कर्टिस डोहन या अमेरिकन डॉक्टरने एक विचित्र आकडेमोड छापली. दुसऱ्या महायुद्धात काही देशांत गव्हाचा तुटवडा होता. त्या देशांत स्किझोफ्रेनियासाठी दवाखान्यात भरती होणाऱ्या बायकांचं प्रमाण आणि गव्हाचा खप, हे दोन्ही जोडीने वरखाली झाले, असं त्याचं म्हणणं. युद्धात गव्हाबरोबर हजार गोष्टी बदलतात, त्यामुळे हा पुरावा कच्चाच. पण ‘गहू आणि मन’ अशी जोडी जमली ती इथे.

मग १९७९. याक पँकसेप नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाने अशी शंका मांडली की ऑटिझममध्ये मेंदूतली अफूसारखी नैसर्गिक रसायनं जास्त काम करत असतील: वेदना कमी जाणवणं, माणसांची ओढ नसणं, आपल्यातच गुंग असणं. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की गव्हातलं ग्लुटेन आणि दुधातलं केसिन पचताना त्यांचे जे तुकडे होतात, त्यातले काही परीक्षानळीत अफूसारखे वागतात. आता दोन आणि दोन चार करायला कितीसा वेळ लागतो? नॉर्वेचा कार्ल राइशेल्ट यामागे लागला. त्याचं म्हणणं, या मुलांच्या लघवीत हे तुकडे जास्त सापडतात. आतडं गळकं असतं, तुकडे रक्तात जातात, तिथून मेंदूत जातात आणि मुलाला गुंगीत ठेवतात. म्हणून गहू बंद, दूध बंद.

परत नॉर्वे, परत लघवी. गोष्ट इतकी पीकेयूसारखी दिसत होती की ती खरी असावी असंच वाटतं. मलाही पहिल्यांदा वाचताना वाटलं.

१९९० च्या दशकात हे प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात आलं. रिमलँडच्या संस्थेने १९९५ मध्ये डॉक्टर आणि पालकांची एक चळवळ उभी केली, तिचं नावच ‘ऑटिझमला आत्ता हरवा’ अशा अर्थाचं होतं. लिसा लुइस आणि कॅरिन सेरूसी या दोन आयांनी आपापल्या मुलांच्या अनुभवावरून पुस्तकं लिहिली. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्डचा तो कुप्रसिद्ध पेपर आला, बारा मुलांचा, गोवराची लस आणि ऑटिझम जोडणारा. ‘लॅन्सेट’ने तो २०१० मध्ये मागे घेतला, वेकफिल्डचं डॉक्टरकीचं नाव नोंदणीतून काढलं गेलं. पण ‘आतडं बिघडलं म्हणून मेंदू बिघडला’ हे वाक्य लोकांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. २००७ मध्ये अभिनेत्री जेनी मॅकार्थी ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात आली, आणि अमेरिकेतल्या घराघरात चर्चा पोचली. तिथून यूट्यूब, तिथून रील, आणि तिथून रात्री साडेअकराला आसेगाव.

मला या आयांची चेष्टा करायची नाही. कालपर्यंत ज्यांना ‘तुमच्यामुळे झालं’ म्हणत होते, त्यांना पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं की तुम्ही काहीतरी करू शकता, तुमच्याच ओट्यावर, आजपासून. याची ताकद केवढी असेल! पण याला दुसरी बाजू आहे आणि ताईंनी ती बरोबर पकडली. उपाय आईच्या हातात दिला की अपयशही तिच्याच हातात येतं. मूल नाही बोललं तर म्हणायचं, तुम्ही पथ्य नीट पाळलं नसेल. कुठेतरी बिस्किटाचा तुकडा गेला असेल. शेजारणीने दिला असेल. आजीने चोरून दूध पाजलं असेल. ज्या उपायाला कधी हरताच येत नाही, त्याच्याकडे मी तरी जरा सावध नजरेने बघतो.

मग तपासलं का कुणी?

तपासलं. आणि इथे शीलाच्या आईची गोष्ट आठवा, कारण खरी कसोटी तीच: बघणाऱ्याला माहीत नसताना फरक पडतो का?

२००२ मध्ये नॉर्वेत वीस मुलांवर अभ्यास झाला. दहा पथ्यावर, दहा नेहमीच्या खाण्यावर, एक वर्ष. पथ्यावरची मुलं सुधारल्यासारखी दिसली. पण आईवडिलांना माहीत होतं की आपलं मूल कुठल्या गटात आहे.

२००६ मध्ये फ्लोरिडात जेनिफर एल्डर यांच्या गटाने हेच झाकून केलं. पंधरा मुलं, बारा आठवडे. जेवण अभ्यासवाल्यांनीच बनवून घरी पोचवलं. अर्धा काळ पथ्याचं, अर्धा काळ साधं, आणि कुठलं कधी हे घरच्यांना माहीत नाही. मोजमापात दोन्ही काळांत ठरावीक असा फरक निघाला नाही. तरी काही पालकांना फरक जाणवला होता, आणि निकाल सांगितल्यावरही बऱ्याच घरांनी पथ्य पुढे चालू ठेवायचं ठरवलं.

२०१६ मध्ये रॉचेस्टरमधून सुझन हायमन यांचा अभ्यास आला. चौदा लहान मुलं आधी पथ्यावर स्थिर केली, मग आठवड्यातून एकदा खाऊमध्ये लपवून कधी गहू, कधी दूध, कधी दोन्ही, कधी यातलं काहीच नाही. वागणं, झोप, पोट, सगळं टिपलं. फरक नाही. आणि त्या लघवीतल्या तुकड्यांचं काय? २००८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ऑटिझम असलेल्या ६५ मुलांची आणि नसलेल्या १५८ मुलांची लघवी चांगल्या यंत्रावर तपासली. अफूसारखे तुकडे सापडलेच नाहीत.

हे अभ्यास लहान आहेत, हे खरं. पंधरा-वीस मुलांवरून ‘जगात एकाही मुलाला उपयोग होत नाही’ असं म्हणता येत नाही, आणि मीही म्हणत नाही. पण व्हिडिओतली बाई ‘तीन महिन्यात बोलतो’ असं छातीठोक म्हणते, त्याला या सगळ्यात कुठेही आधार नाही.

मग आईला फरक दिसतो तो खोटा का? खोटं कुणीच बोलत नाही. सीक्रेटिन नावाच्या संप्रेरकाची गंमत ऐका. १९९८ मध्ये तीन मुलांना ते दिल्यावर ती बोलायला लागली असं छापून आलं, आणि अमेरिकेत औषधासाठी रांगा लागल्या. १९९९ मध्ये साठ मुलांवर तपासलं: निम्म्यांना सीक्रेटिन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. सुधारली दोन्हीकडची, जवळजवळ सारखीच. कारण मुलं वाढत असतात. तीन महिन्यांत कुठलंही मूल थोडं पुढे जातं, आणि जीव टाकून बघणाऱ्या आईला ते आधी दिसतं. त्या अभ्यासात, औषध निरुपयोगी आहे असं सांगितल्यावरही ६९ टक्के पालक म्हणाले, तरी आम्हाला त्यात रस आहे. आशा अशी असते. तिला आकडे लगेच पटत नाहीत.

आता जरा आपल्या भाकरीकडे

वाशिमच्या बाबतीत या पथ्यात एक मजा आहे. ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणून शहरात जे महागडं पाकीट विकतात, ते आसेगावच्या आजीचं रोजचं जेवण होतं. ज्वारीत ग्लुटेन नसतं. ज्वारीची भाकरी, कण्या, आंबील, बेसन, तुरीचं वरण, भात, ठेचा: यात गहू कुठे आहे? वऱ्हाडात पोळी होती ती सणाची, पाहुण्याची.

गहू रोजच्या ताटात आला तो हळूहळू. १९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल-४८० चा करार झाला, रेशनवर परदेशी गहू दिसू लागला. १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो खाल्लेली पिढी अजून आहे, घरात कुणी सत्तरीचं असेल तर विचारा, तोंड वाकडं करूनच सांगतील. पुढे हरितक्रांतीचा गहू स्वस्त झाला. आणि आपल्याकडे सोयाबीन आलं. ज्वारीच्या रानात सोयाबीन उभं राहिलं, कडबा गेला, भाकरी मागे पडली. बिस्किटाचा पुडा तर अगदी शेवटचा पाहुणा, पण आता घरचाच झालाय.

यावरून लगेच कुणी म्हणेल, बघा, आजोबा ज्वारी खायचे म्हणून तेव्हा ऑटिझम नव्हता! थांबा. तेव्हा नाव नव्हतं. ‘मुका’, ‘येडा’, ‘देवाचं लेकरू’, गावात असं कुणीतरी असायचंच, आणि त्याची नोंद कुठल्याच कागदावर नाही. भारतात पाच ठिकाणी घरोघरी जाऊन मुलं तपासणारा मोठा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. त्यात आपल्या शेजारचं उत्तर गोवाही होतं. एकूण हिशेब आला तो शंभर मुलांमागे साधारण एक. हिमाचलच्या डोंगरातलं कांगडा, ओडिशातलं धेनकानाल, हरियाणातलं पलवल, हैदराबाद, सगळी वेगवेगळ्या ताटांची ठिकाणं. मी हे पुरावा म्हणून सांगत नाही, फक्त एवढंच की गहू खाणाऱ्यांचा हा आजार आहे असं चित्र काही दिसत नाही.

पण घरगुती हिशेबही बघा. गहू बंद म्हणजे फक्त पोळी बंद नाही. रवा, मैदा, शेवया, बिस्किट, टोस्ट गेलं. बाजारातल्या बांधणीच्या हिंगातसुद्धा बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे वरणाची फोडणीही गेली. दूध बंद म्हणजे दही, ताक, पनीर सगळंच. जे मूल भाकरी-वरण-भात, अंडी, शेंगदाणे, भाज्या खातं त्याचं एवढ्यावरही भागेल. पण जे मूल फक्त दूध-बिस्किट खातं, त्याच्या ताटात उरतं काय? काहीच नाही.

हा धोका कल्पनेतला नाही. २००८ मध्ये अमेरिकेत ऑटिझम असलेल्या ७५ मुलग्यांच्या हातांचे एक्स-रे तपासले. हाडं अपेक्षेपेक्षा पातळ निघाली, आणि दूध बंद असलेल्यांची जास्त पातळ. फारच मोजकं खाणाऱ्या ऑटिस्टिक मुलांना स्कर्व्ही झाल्याच्याही नोंदी आहेत. स्कर्व्ही म्हणजे जहाजावरच्या खलाशांना व्हायचा तो, ‘क’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. मूल लंगडायला लागतं, चालायचं टाळतं, आणि घरच्यांना वाटतं की ऑटिझमच वाढला. आणि पोटातल्या जंतूंचं जे हल्ली फार ऐकू येतं, त्यावर २०२१ चा ऑस्ट्रेलियातला २४७ मुलांचा अभ्यास उलटंच सांगतो: जंतू वेगळे म्हणून ऑटिझम असं नाही, तर ऑटिझममुळे खाणं मोजकं, आणि खाणं मोजकं म्हणून जंतू वेगळे.

ताईंशी बोलणं

व्हॉइस नोटला व्हॉइस नोटने उत्तर देण्यात अर्थ नव्हता, म्हणून फोन केला. वरची गोष्ट थोडक्यात सांगितली. शीलाच्या आईची गोष्ट त्यांना फार आवडली. “रोज दारात जाऊन उभी रायची म्हन्ता? मी बी तशीच हाव,” म्हणाल्या.

त्यांना मी तीनच गोष्टी सांगितल्या, त्याही एका बालरोगतज्ज्ञ मैत्रिणीला विचारून. एक, मुलाला सतत जुलाब, पोटफुगी, वजन न वाढणं असं काही असेल तर सिलिअ‍ॅकची रक्तचाचणी करून घ्या, आणि ती गहू बंद करायच्या आधी करा. आधीच बंद केला तर चाचणी फसते. दुधाचा खरा त्रास असेल तर तोही डॉक्टरांना तपासू द्या. अशा मुलांना पथ्य लागतंच, ते ऑटिझमसाठी नाही, पोटासाठी. आणि पोट दुखायचं थांबलं तर चिडचिडही कमी होणारच, हे कुणालाही पटेल.

दोन, जे खातोय ते आधी काढू नका. नवीन काही द्यायचं तर त्याच्या शेजारी ठेवा.

तीन, बोलण्यासाठी जे करायचं ते ताटात नाही, खेळण्यात आहे. हे मी हवेत बोलत नाही. गोव्याची संगाथ ही संस्था आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी, अशा दोन ठिकाणी ६५ मुलांवर एक अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला. मोठे तज्ज्ञ नाहीत, शिकवून तयार केलेले साधे आरोग्य कार्यकर्ते घरी जायचे. आई मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, मग दोघांनी बसून बघायचा: इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं, इथे तुम्ही थांबलात तर तो पुढे आला. आठ महिन्यांनी मुलं आपणहून संवाद सुरू करायला लागली होती, न मिळालेल्यांपेक्षा जास्त. ज्या मोबाइलवर तो पथ्याचा व्हिडिओ आला, त्याच मोबाइलने हेही करता येतं.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, हे ताईंना माहीत होतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरपासूनच सुरू झाला. पथकाच्या यादीत ऑटिझम आहे आणि ते पुढे जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवू शकतात, हे माहीत नव्हतं. तसंच २०१६ च्या कायद्याने ऑटिझम हे स्वतंत्र अपंगत्व धरलं जातं आणि त्याचं प्रमाणपत्र मिळतं, हेही नव्हतं. लिहून घेतलं त्यांनी. व्हिडिओतल्या बाईने ‘किट’चे पैसे मागितले होते, ते अजून पाठवले नव्हते, आणि आता पाठवणार नाही म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी परत एक नोट आली, या वेळी दुपारची. पोरगा अजून बोलत नाही. पण त्या भाकरी थापत होत्या, तव्यावरची फुगली, वरचा पापुद्रा सुटला आणि जरा जास्तच भाजला. तो त्यांनी बिस्किटाच्या बशीत, बिस्किटाशेजारी ठेवला. सकाळी ठेवला, संध्याकाळी ठेवला, रोज. अकराव्या दिवशी त्याने तो उचलला, कानाशी नेऊन मोडला, आवाज ऐकला. मग परत मोडला. आणि मग एक तुकडा तोंडात घातला.